साताऱ्याचा घाट, बँकेतली नोकरी आणि दोन्हीकडे चालणारं एकच घड्याळ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय ४४. साताऱ्यात बँकेत नोकरी. आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे धावणं, रविवारी बॅडमिंटन, आणि यंदा पहिल्यांदाच सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय. धावण्यासाठी स्मार्ट घड्याळ घ्यायचंय. बजेट वीस हजारांच्या आसपास, पण ते दिवसभर कामावरही घालता यायला हवं. मुलगा म्हणतो, ‘अडीच हजारांच्या घड्याळात हेच सगळं मिळतं.’ ग्रुपमधले एक सिनियर म्हणतात, ‘पन्नास हजारांच्या खाली बघूच नका.’ शिवाय सासऱ्यांचं बीपी घड्याळावर बघता येईल का, हेही जाता जाता विचारलंय.

ताई, दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण घड्याळावरचा नेमका कोणता आकडा बघून तुम्ही तुमचं वागणं बदलणार आहात, हे दोघांपैकी कुणीच तुम्हाला विचारलेलं दिसत नाही. मी इथे बरीच वर्षं धावणाऱ्यांना तयार करतोय आणि घड्याळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच विचारतो. पावलं, कॅलरी, ताण, झोपेचे गुण, ऑक्सिजन, शरीराचं वय असे पंधरा-वीस आकडे घड्याळ दाखवतं. त्यातला एखादा वाढला म्हणून तुम्ही वेग कमी कराल, एखादा बिघडला म्हणून त्या दिवशी घाट टाळाल. बाकीचे नुसते बघून सोडून द्यायचे. पैसे त्या एक-दोन आकड्यांसाठी मोजायचे.

तुमच्यासाठी तो आकडा म्हणजे चढावरचे हृदयाचे ठोके. हे ठामपणे सांगतो, कारण तुमच्या स्पर्धेचा रस्ताच तसा आहे. २०१२ पासून होणारी ही शर्यत. २०१५ मध्ये तिचं नाव गिनीज बुकातही गेलं. शहरातून निघायचं, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर काही अंतर जाऊन वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. शहर सातशे मीटरच्या आसपास उंचीवर, कासचं पठार सुमारे १२०० मीटरवर. पठारापर्यंत जावं लागत नाही, पण बराचसा चढ यवतेश्वरच्या वळणांतच अंगावर येतो.

सपाटीला तुम्ही किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी धावत असाल, तर तेवढ्याच मेहनतीत घाटात साडेआठ-नऊ मिनिटं लागतील, आणि ते अगदी बरोबर आहे. पण मनगटावर ‘८:४०’ दिसलं की माणूस बिथरतो. मागे पडतोय असं वाटून जोर लावतो, यवतेश्वर येईपर्यंत दम संपवतो आणि वरच्या सोप्या रस्त्यावर, जिथे खरं तर पळायला हवं, तिथे चालत राहतो. दरवर्षी हे दिसतं. त्याच माणसाने ठोक्यांची मर्यादा ठरवून, ती ओलांडली की चालायचं आणि उतरली की पुन्हा धावायचं, असं केलं की वर पोचताना पाय आणि डोकं दोन्ही ताजं राहतं.

उतारावर मात्र हाच आकडा फसवतो, हेही आत्ताच सांगून ठेवतो. खाली येताना ठोके कमी दिसतात, श्वास लागत नाही, म्हणून लोक सुसाट सुटतात. त्या वेळी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलत असतात, आणि त्यांची होणारी झीज हृदयाच्या ठोक्यांत उमटत नाही. ती सोमवारी बँकेचा जिना उतरताना उमटते. उतारावर बघायचंच असेल तर मिनिटाची पावलं बघा. ती वाढलेली आणि ढांग आखूड असली की मांड्या वाचतात. नाहीतर घड्याळाकडे बघूच नका, रस्त्याकडे बघा. पावसाळ्यात वळणांवर शेवाळ असतं.

आता हे ठोके घड्याळाला कळतात कसे ते बघू, कारण खरेदीचा अर्धा निर्णय त्यात आहे. पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो. ठोका ओसरला की कमी. परत येणाऱ्या प्रकाशातला हा चढउतार मोजून घड्याळ आकडा काढतं. बसलेलं असताना हे काम सोपं आहे, आणि म्हणून मुलाचं अडीच हजारांचं घड्याळही खुर्चीत बसल्यावर जवळपास बरोबर आकडा देतं. अडचण धावताना येते. हात हलतो, घड्याळ किंचित उचलतं, बाहेरचा उजेड आत शिरतो. त्यात धावण्याची स्वतःची एक लय असते, मिनिटाला १६०-१७० पावलांची. सेन्सर किंवा त्यामागचं गणित कच्चं असेल तर घड्याळ पावलांनाच ठोके समजून बसतं. हे ओळखायचं कसं? पहिल्या दोन मिनिटांतच आकडा १६५ वर गेला आणि तिथेच चिकटून राहिला, आणि तुम्ही मात्र शेजारणीशी आरामात गप्पा मारताय, तर तो आकडा तुमच्या पायांचा आहे.

थंडीतही गडबड होते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे किंवा पावसाळी गारठ्यात त्वचेकडचं रक्त कमी होतं, आणि सुरुवातीची काही मिनिटं चांगलं घड्याळसुद्धा चाचपडतं. दहा मिनिटं अंग गरम करा, मग आकड्यावर विश्वास ठेवा. घड्याळ मनगटाच्या हाडावर घालू नका. हाडापासून एक बोट वर, कोपराच्या बाजूला, आणि धावताना पट्टा एक भोक घट्ट. घरी आल्यावर सैल करायचं. आपल्याकडची आणखी एक गोष्ट कंपन्यांच्या जाहिरातीत नसते: गोंदण. हातावर गडद गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते आणि सेन्सर आंधळा होतो. तुमच्या सासूबाईंच्या हाती घड्याळ देऊन बघाल आणि आकडाच येणार नाही, तेव्हा ते बिघडलं असं समजू नका, दुसऱ्या हातावर लावून बघा.

एक गैरसमज इथेच मोडतो. घड्याळ केळ्यावर किंवा टॉवेलच्या गुंडाळीवर ठेवून ‘बघा, याचेही ठोके दाखवतंय, म्हणजे खोटं’ असे व्हिडिओ फिरतात. चांगलं घड्याळही असं करू शकतं. सेन्सरला परत आलेला प्रकाश मिळाला की तो त्यात लय शोधू लागतो. त्यामुळे ही परीक्षा काहीच सिद्ध करत नाही.

खरी परीक्षा धावताना घ्यायची. घाटात चढावर पाच मिनिटं झाल्यावर थांबा, थांबल्या थांबल्या मानेवर नाडी धरा, दहा सेकंद मोजा आणि सहाने गुणा. घड्याळाच्या आकड्याशी चार-पाचचा फरक असेल तर चालतं. वीसचा फरक दोन-तीनदा आला तर ते घड्याळ तुमच्या हाताला जमत नाही. कुठल्या हातावर कुठलं बसेल हे डब्यावर वाचून कळत नाही.

आणि म्हणूनच माझा सल्ला असा, की वीस हजार एकट्या घड्याळावर घालू नका. पंधरा-सोळाच्या आत घड्याळ बसवा आणि उरलेल्यात छातीचा पट्टा किंवा दंडावरचा सेन्सर घ्या. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेतच वाचतो, प्रकाशाच्या भानगडीत पडत नाही. फिनलंडच्या पोलर कंपनीने बिनतारी हार्ट रेट मॉनिटर १९८२ मध्ये आणला. तत्त्व तेव्हापासून तेच आहे आणि अजून त्याला तोड नाही. साधे पट्टे तीन-चार हजारांपासून मिळतात, नाण्यासारखा सेल महिनोन् महिने पुरतो. घालण्याआधी आतली जागा पाण्याने ओली करायची, नाहीतर पहिला किलोमीटरभर आकडा वेडावाकडा येतो. बायकांना स्पोर्ट्स ब्राखाली तो पट्टा टोचतो, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. त्यांना दंडावर बांधायचा सेन्सर बरा. तोही प्रकाशावरच चालतो, पण दंड मनगटासारखा वळत नाही, म्हणून आकडा बराच स्थिर येतो. घड्याळ घेताना एवढंच बघा की त्याला बाहेरचा हार्ट रेट सेन्सर जोडता येतो का. अडीच हजारांची बहुतेक घड्याळं इथेच बाद होतात, आणि मुलाला द्यायचं उत्तरही हेच.

मर्यादा किती ठेवायची? हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायला घड्याळ बहुतेक वेळा २२० वजा वय हे सूत्र वापरतं, म्हणजे तुमचे १७६. चढावरची मर्यादा अर्थातच त्याच्या खाली. २००१ मध्ये आलेलं दुसरं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, तुमच्या वयाला जवळपास तेवढंच, १७७ देतं. पण एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, त्यामुळे घड्याळाने त्यावरून आपोआप आखलेले झोन, म्हणजे मेहनतीनुसार ठोक्यांचे टप्पे, सुरुवातीपुरते धरा. आधी डॉक्टरांकडून एकदा तपासणी करून घ्या. मग घाटात सोबतिणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल अशा मेहनतीत चढा आणि तेव्हाचा आकडा लिहून ठेवा. तीन-चार वेळा केलंत की तुमची मर्यादा सूत्रापेक्षा जास्त खरी मिळेल. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असेल, तर ती ठोके मुळातच खाली ठेवते. त्यांनी घड्याळाचे झोन पूर्ण बाजूला ठेवावेत आणि डॉक्टरांशी बोलावं.

जीपीएसकडे येऊ. इथे एकच अट पाळा: जीपीएस घड्याळाचं स्वतःचं हवं. स्वस्त घड्याळांच्या डब्यावर जीपीएस लिहिलेलं असतं, पण आत ते फोनचंच जीपीएस वापरतं, म्हणजे फोन कमरेला बांधून धावायचं. विकणाऱ्याला सरळ विचारा, ‘फोन घरी ठेवला तर नकाशा उमटेल का?’ उत्तर देताना तो अडखळला तर समजा.

त्यापलीकडे यवतेश्वरचा घाट जीपीएससाठी अवघड जागा आहे. एका बाजूला कडा, म्हणजे अर्धं आकाश झाकलेलं. उपग्रहाचा संकेत दगडावर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळ तुम्हाला दरीत उभं करतं. म्हणून जितक्या जास्त उपग्रह प्रणाली, तितकं उरलेल्या अर्ध्या आकाशातून काम भागतं: अमेरिकेची जीपीएस, युरोपची गॅलिलिओ, रशियाची ग्लोनास, चीनची बायडू, काही घड्याळांत आपली नाविकसुद्धा. महागड्या घड्याळांत १५७५.४२ मेगाहर्ट्झबरोबर ११७६.४५ मेगाहर्ट्झ ही दुसरी वारंवारताही पकडतात. त्या दुसऱ्या संकेतातून आपटून आलेला आणि सरळ आलेला यांतला फरक जास्त स्पष्ट कळतो, त्यामुळे रेघ रस्त्यावरच राहते. छान गोष्ट आहे. पण तुम्ही त्यावर काय करणार? रस्ता एकच, खुणा लावलेल्या, चुकायची सोय नाही. ट्रेकिंग करणाऱ्याला, अनोळखी डोंगरात फिरणाऱ्याला दुहेरी वारंवारता जरूर घ्यायला सांगेन. तुम्हाला त्यासाठी पाच-दहा हजार जास्त मोजायला सांगणार नाही.

त्याऐवजी एक फुकटचा उपाय करा. बऱ्याच घड्याळांत बॅटरी वाचवायला ‘स्मार्ट रेकॉर्डिंग’ असतं. ते प्रत्येक सेकंदाची जागा नोंदत नाही, बदल जाणवला तरच नोंदतं. घाटातल्या वळणांवर यात कोपरे कापले जातात आणि अंतर कमी भरतं. सेटिंगमध्ये जाऊन ‘दर सेकंदाला’ करा. आणि निघण्याआधी उघड्यावर उभं राहून उपग्रह पकडल्याची खूण येईपर्यंत थांबा. बोळात, गॅलरीखाली बटण दाबून धावत सुटलं की पहिला किलोमीटर कायमचा बिघडतो.

उंची मोजणारं बॅरोमीटर हवं का? आपल्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, बॅरोमीटर तेवढा बारीक फरक धरतं. जीपीएसवरून काढलेली उंची त्यामानाने ढोबळ असते. एकूण किती चढलो हे बघायला मजा येते, सरावाची नोंद ठेवायलाही बरं. पण पाऊस येऊ घातला की दाब आपोआप पडतो आणि घड्याळाला वाटतं तुम्ही घरी बसल्या बसल्या डोंगर चढलात. मिळालं तर घ्या, त्याच्यासाठी अडून बसू नका.

बटणांसाठी मात्र अडून बसा. हे मी सगळ्यांत आग्रहाने सांगतो आणि दुकानात यावर कुणी बोलत नाही. ही शर्यत पावसाळी हवेतली, सराव जून ते सप्टेंबरमधला. ओल्या बोटाने ओल्या काचेवर टच चालत नाही. उलट पावसाचे थेंबच स्क्रीन सरकवतात, आणि थांबलेलं घड्याळ तुम्हाला दोन किलोमीटरनंतर कळतं. सुरू करणं, थांबवणं, लॅप घेणं एवढं तरी बटणाने व्हायलाच हवं. दुकानात घड्याळावर पाण्याचे चार थेंब टाकून बघायला सांगा. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच झालं.

स्क्रीनचा वाद लोक फार घालतात. ॲमोलेड, म्हणजे हल्लीच्या फोनसारखी स्वतः उजळणारी स्क्रीन, झळझळीत, बँकेत शोभते, पहाटेच्या अंधारात वाचायला उत्तम. जुन्या धाटणीची, उन्हाच्याच उजेडात दिसणारी स्क्रीन भर दुपारी सुरेख दिसते आणि बॅटरी कमी खाते. तुम्ही पहाटे धावता, दिवसभर ऑफिसात असता, तेव्हा ॲमोलेड चालेल. पण तुमच्या वयाला स्क्रीनच्या जातीपेक्षा मोठा प्रश्न चाळिशीचा आहे. धावताना चष्मा नसतो, हात हलत असतो, आणि एका पानावर सहा आकडे बसवले तर एकही वाचता येत नाही. एका पानावर तीनच आकडे ठेवा: ठोके सर्वांत मोठे, खाली अंतर आणि वेळ. दुकानात चष्मा काढून, हात जरा हलवत, आकडा दिसतो का बघा. मर्यादा ओलांडल्यावर घड्याळ थरथरतं का, आणि ती थरथर धावताना जाणवते का, हेही बघा. जाणवत असेल तर बघायचीही गरज उरत नाही.

रोजच्या वापराबद्दल. तुमचं मनगट बारीक असेल तर ४६-४७ मिलिमीटरची घड्याळं दुकानात रुबाबदार वाटतात आणि झोपताना टोचतात. ४२-४३ च्या आसपास थांबा. वजन पट्ट्यासकट चाळीस ग्रॅमच्या आत असेल तर दोन दिवसांत ते हातात आहे हे विसरायला होतं. बांगड्या दुसऱ्या हातात घाला, एका हातात दोन्ही असलं की घड्याळ सारखं सरकतं आणि काचेवर ओरखडेही येतात. पट्टा २० किंवा २२ मिलिमीटरचा, झटकन काढता येणारा घ्या. म्हणजे धावायला सिलिकॉनचा आणि लग्नकार्याला चामड्याचा असं करता येतं. कापडी नायलॉनचा पट्टा हलका, पण सातारच्या पावसाळ्यात तो दिवसभर वाळत नाही. सिलिकॉनखाली पुरळ उठतं ते बहुतेक वेळा घाम आणि साबण अडकून. रोज साध्या पाण्याने धुवा, हात कोरडा करून घाला. घामाने भरलेलं घड्याळ तसंच चार्जरला लावलं की मागच्या पिना काळ्या पडतात.

पाण्याबद्दल दोन ओळी. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोलीच्या स्थिर पाण्याइतका दाब सोसण्याची चाचणी. त्याचा अर्थ ५० मीटर खोल बुडी मारावी असा नाही, पण पाऊस, घाम, पोहण्याचा तलाव सगळं चालतं. नुसतं आयपी ६७ असेल तर तो एक मीटर पाण्यात अर्धा तास. धावायला पुरेल, पोहायला घालू नका. गरम पाणी, वाफ आणि शाम्पू रबरी सील खातात, त्यामुळे आंघोळीला कुठलंच घड्याळ घालू नये.

बॅटरी किमान सहा-सात दिवस टिकणारी बघा. कारण रोज रात्री चार्जिंगला लागणारं घड्याळ रात्री हातात नसतं, आणि तुमच्या उपयोगाचा दुसरा आकडा रात्रीच मिळतो: विश्रांतीतले ठोके. तुमचे नेहमी ५८-६० असतील आणि एखाद्या सकाळी ६७-६८ दिसले, तर झोप अपुरी, ताप येऊ घातलेला किंवा कालचा सराव जास्त झालेला. त्या दिवशी घाट नको, सपाटीला चालून या. मार्चअखेरचा ताण बँकवाल्यांच्या या आकड्यात स्पष्ट दिसतो, हे मी अनेकांच्या नोंदींत पाहिलंय. झोपेचे टप्पे, गुण वगैरे अंदाजच असतात. किती वाजता झोपलात आणि उठलात एवढं त्यातून घ्या.

ब्लूटूथ कॉलिंगसाठी एक पैसाही जास्त देऊ नका. काउंटरवर बसून मनगटाशी बोलणार आहात का? सूचना मात्र मोजक्या ठेवा. फोन आणि घरचे मेसेज, बस्स. बॅडमिंटनला घड्याळ रॅकेट नसलेल्या हातात, आणि तिथल्या आकड्यांचं फारसं मनावर घेऊ नका. झटके, थांबे, मनगटाचे हिसके यात सेन्सर मागे पडतो. किती वेळ खेळलात एवढी नोंद पुरे.

कॅलरीच्या आकड्यावर जेवण ठरवू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात उपकरणं तपासली होती. ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण कॅलरीत सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं. घड्याळ म्हणालं सहाशे जळल्या, म्हणून कंदी पेढ्यांचा पाव किलोचा पुडा उघडायचा, हा हिशेब कुणालाच परवडणारा नाही.

आता सासऱ्यांचं बीपी. बाजूला ठेवा. ज्या थोड्या घड्याळांत बीपीची सोय आहे त्यांतही, उदाहरणार्थ सॅमसंगमध्ये, दंडाच्या पट्ट्याच्या मशीनशी दर २८ दिवसांनी जुळवणी करावी लागते. म्हणजे मशीन घ्यावंच लागतं. मग सरळ दंडावर बांधायचं चांगलं मशीन घ्या, दोन-अडीच हजारांत येतं, पाच मिनिटं शांत बसवून मोजा आणि वहीत लिहा. ईसीजी असलेली घड्याळं एट्रियल फिब्रिलेशन नावाची ठोक्यांची अनियमितता पकडू शकतात, पण हार्ट अटॅक ओळखत नाहीत. छातीत दुखलं तर घड्याळ बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि टोचल्याशिवाय साखर मोजतो म्हणणारं घड्याळ कुणी विकत असेल तर तिथून उठून या. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल उघड इशारा दिला आहे. मधुमेही माणसाने त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

नावं घेतल्याशिवाय तुमचं समाधान होणार नाही, म्हणून घेतो. आधी फोन बघा: ॲपल वॉच फक्त आयफोनबरोबर चालतं, सॅमसंगची २०२१ पासूनची नवी घड्याळं फक्त अँड्रॉइडबरोबर. गार्मिन, कोरोस, अमेझफिट दोन्हीकडे चालतात. ॲपल वॉच फार चांगलं यंत्र आहे, पण साध्या मॉडेलची बॅटरी जेमतेम दिवसभराची, आणि रात्रीचा आकडा हवा असेल तर चार्जिंगची वेळ काढण्याची कसरत करावी लागते. गार्मिनचं फोररनर ५५ दिसायला साधं, टच नाही, बॅरोमीटर नाही. पण पाच बटणं, ३७ ग्रॅम, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे दोन आठवडे बॅटरी, आणि बाहेरचा सेन्सर जोडता येतो. जुनं मॉडेल असल्याने सेलमध्ये खाली येतं. तुमच्या कामाला मी त्यालाच पहिली पसंती देईन. बँकेत शोभा हवी असेल आणि बजेट ताणता येत असेल तर फोररनर १६५: ॲमोलेड, बटणं आणि टच दोन्ही, बॅरोमीटर, ३९ ग्रॅम. मग छातीचा पट्टा किंवा दंडाचा सेन्सर सहा महिन्यांनी घ्या. कोरोस पेस ३ नायलॉन पट्ट्यासह ३० ग्रॅमचं, दुहेरी वारंवारतेचं, डोंगरात फिरणाऱ्यांचं लाडकं. ते ग्रुपमधल्या ट्रेकवाल्यांनी बघावं. अमेझफिटमध्ये दहा-पंधरा हजारांत स्वतःचं जीपीएस आणि सुंदर स्क्रीन मिळते, फक्त तुम्ही बघताय त्या मॉडेलला बटणं किती आणि बाहेरचा सेन्सर जोडतो का, हे त्याच मॉडेलच्या पानावर तपासा. पन्नास हजारांच्या घड्याळांत नकाशे, गाणी, टायटॅनियम असतं. सिनियरांना त्याचा उपयोग असेल. घाट चढताना तुमचे ठोके ते काही वेगळे मोजणार नाही.

खरेदी कुठून? मनगटावर घालून बघायला पोवई नाक्यावरच्या दुकानांत जा, भाव ऑनलाइन बघा, आणि फरक हजार-पाचशेचाच असेल तर दुकानातून घ्या. बिघाड झाला तर पुण्याला हेलपाटा की इथेच जमा करता येईल, हे आधी विचारा. ऑनलाइन घेतलंत तर ‘रिटर्न’ आहे की फक्त ‘रिप्लेसमेंट’, ते वाचा. नाडीची परीक्षा त्या मुदतीतच उरकायची आहे.

पहाटे एकट्या घाटात जात असाल तर आणखी एक. लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवण्याची सोय बहुतेक घड्याळांत असते, पण ती फोनच्या नेटवर चालते. वर काही ठिकाणी नेटवर्क जातं, त्यामुळे तिच्या भरवशावर एकटीने अंधारात जाऊ नका. आणि स्ट्राव्हासारख्या, धावण्याच्या नोंदी इतरांना दाखवणाऱ्या ॲपवर धावण्याची सुरुवात आणि शेवट लपवण्याची सेटिंग पहिल्याच दिवशी करा, नाहीतर तुमचं घर आणि घरातून निघण्याची वेळ दोन्ही जगाला कळतं. जानेवारी २०१८ मध्ये याच ॲपच्या नकाशावरून परदेशातले लष्करी तळ उघडे पडले होते. आपल्या जिल्ह्यात गावोगाव फौजी घरं. सुट्टीवर आलेल्या जवानांनाही हे सांगत जा.

शेवटची गोष्ट सेटिंगची. शर्यतीआधी किमान दीड महिना घड्याळ हातात असू द्या, म्हणजे तुमची मर्यादा सापडेल. आणि ‘ऑटो पॉज’ बंद करा. घाटात तुम्ही थांबलात किंवा फारच हळू झालात की ते घड्याळ थांबवतं, पुन्हा सुरू करतं, आणि आयोजकांची वेळ आणि तुमची वेळ यात पाच-सात मिनिटांचा फरक पडतो. मग लोक आयोजकांशी भांडायला जातात.